हट्ट्याच्या शिवारात मूत्रपिंडांचा एक दिवस

पहाटे साडेचार

मार्च सरत आला की वसमतजवळच्या हट्ट्याच्या शिवारात हळद काढणीची घाई उडते. जिकडं बघावं तिकडं उकललेले वरंबे, कापून बांधावर लोटलेला पाला आणि मातीसकट उघडे पडलेले गड्डे. वसमतच्या हळदीचं नाव आता देशभर आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण ती हळद बाजारात पिवळीधमक दिसण्याआधी कुणाच्या अंगातून किती घाम जातो, हे मानांकनाच्या कागदावर नसतं. म्हणून आज काढणीच्या टोळीतली एक बाई दिवसभर डोळ्यांसमोर ठेवायची. चाळिशी उलटलेली, दोन लेकरांची आई, गुत्त्यावर कामाला जाणारी. नाव नको, अशा बाया घरोघर आहेत.

ती उजाडायच्या आत उठते, मोकळी होऊन येते, चूल पेटवते. भाकरी थापताना तिच्या पाठीच्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांच्या आड, दोन मूत्रपिंडं आपलं काम करत असतात. प्रत्येकाची लांबी दहा-बारा सेंटिमीटर, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. दोन्ही मिळून शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याइतकीही भरत नाहीत. तरी हृदय मिनिटाला जे पाच लिटर रक्त ढकलतं, त्यातलं जवळजवळ एक लिटर या दोघांकडंच येतं. मेंदूलाही एवढा वाटा मिळत नाही.

सकाळी सात

टेम्पो बांधापाशी लागतो. बाया ओळीनं बसतात आणि हळद वेचायला घेतात. ट्रॅक्टरनं सगळंच वर काढलेलं असतं: गड्डा, हळकुंड, ढेकळं, मुळ्या, दगड. बाईचा हात त्यातून कामाचं तेवढं उचलतो, झटकतो आणि टोपल्यात टाकतो. उरलं ते रानात राहतं.

मूत्रपिंडाचं कामही नेमकं असंच चालतं. ते रक्तातली घाण शोधून बाहेर काढतं, अशी आपली समजूत असते, पण क्रम उलटा आहे. एकेका मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येकाच्या तोंडाशी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता असतो. त्यातून रक्ताचं पाणी दाबानं पलीकडं उतरतं आणि त्याबरोबर मीठ, साखर, पोटॅशियम, युरिया असं जे जे लहान आहे ते सगळं उतरतं. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं तेवढी मागं राहतात. मग पुढच्या लांब नळीत एकेक कामाची वस्तू परत वेचून रक्तात घेतली जाते. साखर सगळी परत. मीठ बहुतेक परत. पाणी शंभरातलं नव्व्याण्णव भाग परत. जे कुणी वेचलं नाही, ते लघवी होऊन जातं.

ही रीत उधळी वाटेल. मिनिटाला सव्वाशे मिलिलिटर, म्हणजे दिवसाला १८० लिटर पाणी बाहेर ओतायचं आणि त्यातलं १७८ लिटर पुन्हा उचलायचं, यात काय शहाणपण? पण त्यातच सगळी हुशारी आहे. टाकायच्या वस्तूंची यादी करायची ठरवली असती, तर प्रत्येक नवं औषध, प्रत्येक नवं रसायन यादीत नसल्यानं अंगात साचत गेलं असतं. मूत्रपिंडाकडं यादी आहे ती मुख्यतः ठेवायच्या वस्तूंची. शिवाय अंगातलं रक्ताचं पाणी असतं जेमतेम अडीच-तीन लिटर. ते दिवसातून साठेक वेळा तपासून निघतं, म्हणून कमी-जास्त झालेलं काहीही फार वेळ लपून राहत नाही.

सकाळी नऊ

उन्हाला धार येते. चहा होतो. बाई कपभर चहा घेते, घोटभर पाणी पिऊन तांब्या पुढं सरकवते.

दोन तासांच्या कामात घाम गेलेला असतो. घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो. म्हणजे मीठ कमी जातं, पाणी जास्त जातं आणि मागं उरलेलं रक्त किंचित घट्ट होतं. हे किंचित म्हणजे एक-दोन टक्के. तेवढंही मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या पेशींना कळतं. त्या पिट्युटरी ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचा संप्रेरक रक्तात सोडतात. तहान त्यानंतर लागते. घसा कोरडा पडण्याआधीच मूत्रपिंडांना निरोप गेलेला असतो की पाणी जपा.

हा निरोप अमलात कसा येतो, हे फार वर्षं नीट माहीत नव्हतं. पेशीच्या तेलकट पडद्यातून पाणी एवढ्या वेगानं जातं कसं? १९९२ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर ॲग्रे यांच्या चमूनं पाण्यापुरताच मार्ग देणारं एक प्रथिन ओळखलं. पुढं त्याला ॲक्वापोरिन म्हणू लागले आणि २००३ मध्ये ॲग्रे यांना रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. मूत्रपिंडाच्या शेवटच्या नळ्यांमधल्या पेशींत ही ॲक्वापोरिनं आत साठवून ठेवलेली असतात. व्हॅसोप्रेसिन पोचलं की काही मिनिटांत ती पेशीच्या पृष्ठभागावर येऊन बसतात आणि लघवीत निघालेलं पाणी परत आत घेतलं जातं. बाई चहाचा कप विसळेपर्यंत हे झालेलंही असतं.

सकाळी अकरा

आता शिजवणीच्या कुकरला जाळ लागतो. लोखंडी टाकीत पाणी उकळतं, पाइपातून वाफ हळदीनं भरलेल्या ड्रममध्ये शिरते आणि झाकणाच्या कडेनं फुसफुसत बाहेर येते. ज्याच्या हातात काम असतं तो एक हळकुंड बाहेर काढून त्यात काडी टोचून पाहतो. काडी सहज आत गेली की घाणा उतरवायचा. ड्रम कलता होतो आणि वाफाळती हळद ताडपत्रीवर पडते. ती लगेच पसरायला हवी. आमची बाई पावडं घेऊन त्या वाफेत उभी असते. वरून ऊन, खालून हळदीची धग, बाजूला जाळ. अशा कामात तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो, कधी जास्तही.

शरीराला आता निवड करावी लागते. कातडीला रक्त हवं, नाहीतर अंग थंड कसं होणार? हातापायांच्या स्नायूंना रक्त हवं, नाहीतर पावडं उचलणार कोण? मग मूत्रपिंडांचा वाटा आखडता घेतला जातो. रक्त कमी आलं की मूत्रपिंड स्वतःच रेनिन सोडतं. त्यातून पुढं अँजिओटेन्सिन तयार होतं, ते रक्तवाहिन्या आवळून दाब टिकवतं. अल्डोस्टेरॉन येतं, ते मीठ धरून ठेवायला लावतं आणि मिठामागं पाणी राहतं. स्वतःला रक्त कमी मिळत असताना साऱ्या अंगाचा रक्तदाब सावरायचं काम या दोन अवयवांनी अंगावर घेतलेलं असतं. मला शरीरशास्त्रातली ही गोष्ट फार थोर वाटते.

दुपारी साडेबारा

बाभळीखाली डबे उघडतात. ज्वारीची भाकर, बेसन, ठेचा, कांदा. हातापायांवरचा पिवळा रंग धुऊनही जात नाही.

डाळीतलं प्रथिन पचलं की त्यातल्या नायट्रोजनाचा अमोनिया होतो. अमोनिया विषारी, म्हणून यकृत त्याचा युरिया करतं आणि तो मूत्रपिंडांकडं रवाना होतो. युरिया म्हणजे आपण पिकाला घालतो तोच. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं तो प्रयोगशाळेत तयार करून दाखवला, तेव्हा सजीवाच्या शरीरातला पदार्थ बाहेरही बनवता येतो याचं मोठं नवल झालं होतं. स्नायूंच्या कामातून क्रिएटिनिन निघतं, तेही इथूनच जातं. जास्तीचं पोटॅशियम, दिवसभर तयार होणारं आम्ल, सगळ्यांची वाट हीच. पोटॅशियम तुंबलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून यात उधारी चालत नाही.

दुपारी दोन

दिवसातला सगळ्यात कठीण तास हा. पारा चाळिशीला टेकलेला, वाफ तशीच चालू. पाण्याचा जार सावलीत ठेवलेला आहे, गार आहे, कुणी अडवत नाही. तरी बाया पीत नाहीत. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: “पाणी पेलं की जावं लागतंय माय. अन् जावं कुठं? इकडून कुकर, तिकडून गडी माणसं, हळद काढून रान सारं उघडं पडलंय.”

हे उत्तर मला आरोग्याच्या कुठल्याही भिंतीवरच्या घोषणेपेक्षा महत्त्वाचं वाटतं. ही बाई अडाणीपणानं पाणी टाळत नाही. तिनं हिशोब केलेला आहे. उभ्या पिकात आडोसा होता. काढणी झाली तसा तो गेला. घरी सरकारी योजनेतलं शौचालय असलं तरी शेतावर काहीच नाही. म्हणून ती पहाटे एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा, एवढ्यावर दिवस काढते. मधल्या चौदा तासांचा भार ती मूत्रपिंडांवर टाकते.

आणि मूत्रपिंडं तो पेलतातही, पण एका मर्यादेपर्यंत. त्यांच्या आतल्या भागात, हेन्ले यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या वळणदार नळ्यांच्या जोरावर, मीठ आणि युरिया इतके साठवलेले असतात की तिथला द्रव रक्ताच्या चौपट खारा होतो. मूत्रपिंड पाणी थेट ओढू शकत नाही. ते मीठ ओढून ठेवतं आणि पाणी त्यामागं आपण होऊन येतं. लघवी या खाऱ्या भागातून जाताना तिच्यातलं पाणी निघून जातं आणि ती घट्ट होते. पण चौपटीच्या पुढं माणसाचं मूत्रपिंड जात नाही. लिटरमागं विरघळलेल्या कणांचं माप घेतलं तर रक्ताचा आकडा २९० च्या आसपास, लघवीचा वरचा आकडा १२००. अंगातून रोज बाहेर टाकायचा विरघळलेला माल त्याच मापात साधारण ६०० एवढा. भागाकार करा: कमीत कमी अर्धा लिटर लघवी व्हायलाच हवी. पाणी प्यालेलं असो वा नसो, हा अर्धा लिटर मूत्रपिंड रक्तातून घेणारच, नाहीतर युरिया मागं राहील. अमेरिकेच्या वाळवंटातला कांगारू उंदीर लघवी याच्या कितीतरी पट घट्ट करतो आणि पाण्याचा थेंब न पिता जगतो. माणूस त्या घडणीचा नाही.

मूत्रपिंड पाणी वाचवू शकतं, तयार करू शकत नाही. एवढी एक गोष्ट हळदीच्या, उसाच्या, वीटभट्टीच्या प्रत्येक मुकादमाला कळायला हवी.

एखाद्या दिवसानं काही बिघडत नाही. रात्री पाणी मिळालं की सगळं पूर्ववत होतं. चिंता असते ती रोजची. लघवी थोडी आणि घट्ट राहिली की जंतू धुऊन जात नाहीत. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, त्यामुळं जंतूंना वर चढायला वेळ लागत नाही. उन्हाळी लागली म्हणून धने-जिऱ्याचं पाणी पिऊन दुर्लक्ष केलेला दाह पुष्कळदा हा संसर्गच असतो. खडे धरतात तेही अशाच घट्ट लघवीत. आणि याहून गंभीर गोष्ट मध्य अमेरिकेत दिसली. एल साल्वादोरमधल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये लिहिलं की त्यांच्याकडं किडनी निकामी होऊन येणाऱ्या कित्येकांना मधुमेह नाही, रक्तदाब नाही. बहुतेक पुरुष, शेतात राबणारे. पुढं निकाराग्वातल्या ऊसतोड कामगारांतही तेच आढळलं. आपल्याकडं आंध्रच्या उद्दानम भागात शेतकरी-मजुरांमध्ये असाच आजार आहे. कारणांवर अजून वाद आहे, पण भर उन्हात, पाण्याविना, रोज तेच कष्ट करणं हे संशयितांत वरच्या जागी आहे. निकाराग्वातल्या एका साखर कारखान्यानं तोडणी कामगारांसाठी पाणी, सावली आणि ठरावीक वेळानं विसावा यांची व्यवस्था वाढवली, तेव्हा मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाल्याचं मोजून दिसलं. वसमतच्या कारखान्याला ऊस घालणारं रान आणि हट्ट्याचं हळदीचं रान यांच्यात बांधाचंच अंतर आहे. तिथं जे जमलं ते इथं जमणार नाही असं मानायचं कारण नाही.

बांबूच्या चार काठ्या, हिरव्या नेटचं कापड, आत एक खड्डा आणि पाण्याची कळशी. कुकर जिथं जाईल तिथं हा आडोसाही ट्रॉलीत टाकून नेता येतो. शिजवणीच्या खर्चात डिझेल धरतात, जळण धरतात, ताडपत्री धरतात, हेही धरावं. बायांना पाणी प्या म्हणून सांगण्याआधी मालकानं हे करावं, कारण जागा दिली तर त्या न सांगता पाणी पितील.

दुपारी चार

मालकाच्या घरून ताकाची कळशी येते. मीठ घातलेलं पातळ ताक घामात गेलेलं पाणी आणि मीठ दोन्ही परत देतं. पहिला घोट घशाखाली गेल्या गेल्या, पाणी रक्तात पोचायच्याही आधी, तोंड-घशाकडून मेंदूला खबर जाते आणि व्हॅसोप्रेसिन उतरू लागतं.

दिवसभर कोरडं राहून संध्याकाळी तांब्यामागून तांब्या नुसतं पाणी रिचवणंही बरं नाही. मूत्रपिंड जास्तीचं पाणी तासाला पाऊण ते एक लिटर या वेगानं बाहेर टाकू शकतं, त्याहून फारसं नाही. घामात मीठ गेलेलं असताना वरून भसाभस साधं पाणी ओतलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं गरगरतं, उलटी होते, क्वचित माणूस बेशुद्धही पडतो. दर अर्ध्या तासाला पेलाभर, जोडीला ताक नाहीतर आंबील, ही जुनीच चाल बरोबर आहे.

संध्याकाळी सात

टेम्पो गावात येतो. त्याच सुमाराला परभणीहून आलेल्या बसमधून डायलिसिस करून परतणारा एखादा माणूस उतरतो. असे प्रवासी आता मराठवाड्याच्या प्रत्येक रस्त्यावर दिसतात. हाताला पट्टी, चेहरा उतरलेला, सोबत बायको किंवा मुलगा. २०१६ मध्ये केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला, राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस आहे, त्यामुळं उपचाराचा पैसा पुष्कळांना भरावा लागत नाही. पण जाण्या-येण्याचं भाडं आणि दोघांचा बुडालेला रोज कुठली योजना देणार?

डायलिसिसचं, म्हणजे मूत्रपिंडाऐवजी रक्त साफ करणारं यंत्र पहिल्यांदा उभं केलं विलेम कॉल्फ या डच डॉक्टरनं, १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समधल्या कांपेन या छोट्या गावी. सॉसेजच्या वेष्टणासाठी वापरतात त्या सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळली, आतून रक्त फिरवलं, पिंप मिठाच्या पाण्यात फिरत ठेवलं. पहिले जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई शुद्धीवर आली आणि जगली. आजची यंत्रं कितीतरी सुधारली, तरी पुरेसा उपचार म्हणजे आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. आपल्याकडं अनेकांना दोनदाच जमतं. मूत्रपिंड आठवड्याचे १६८ तास चालतं, यंत्र फार तर बारा. शिवाय यंत्र रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिन बनवत नाही, ड जीवनसत्त्वाला कामाचं रूप देत नाही. त्यासाठी औषधं वेगळी.

आणि पाणी. लघवी जवळजवळ बंद झालेल्या या माणसाला दिवसाचं पाणी मोजून प्यावं लागतं. जास्त झालं तर ते पायांवर, मग फुप्फुसात उतरतं. तो उन्हाळ्यात बर्फाचा खडा चघळून तहान मारतो. टेम्पोतून उतरणारी बाई आणि बसमधून उतरणारा तो, दोघंही आज तहानलेलेच घरी आले. एकाला पाणी बाहेर टाकता येत नाही म्हणून, दुसरीला बाहेर टाकायला जागा नाही म्हणून. दुसरीचं दुःख उद्याच्या उद्या मिटवता येईल, म्हणून ते मला जास्त छळतं.

रात्री नऊ

पाठ मोडून आलेली असते. किराणा दुकानातही मिळणारी अंगदुखीची गोळी घरात असतेच. बाई जेवून एक गोळी घेते; हंगामात हे बहुधा रोजचं.

इथं थांबून नीट सांगायला हवं. पाणी कमी पडलं की अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आवळतं, हे आपण अकरा वाजता पाहिलं. त्या आवळण्यात मूत्रपिंडाचा स्वतःचा जीव घुसमटू नये म्हणून ते प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य बनवतं आणि त्याच्या जोरावर आपल्याकडं येणारी बारीक धमनी उघडी ठेवतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या वेदना कमी करतात त्या हेच प्रोस्टाग्लँडिन थांबवून. म्हणजे ज्या संध्याकाळी मूत्रपिंडाला त्याची सगळ्यात जास्त गरज असते, त्याच संध्याकाळी ते काढून घेतलं जातं. भरपूर पाणी प्यालेल्या धडधाकट माणसाला दोन दिवस ही गोळी सोसते. कोरड्या अंगाला, वयस्काला, रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या रुग्णाला ती धोक्याची आहे. फार दुखलंच तर पॅरासिटामॉल, तेही मापात. आणि आधी दोन पेले पाणी. कुणी मागितली म्हणून गोळी काढून देण्याआधी दुकानदारानं एवढं विचारावं की आज लघवीला किती वेळा गेली होतीस.

रात्री दोन

घरी असल्यानं बाई निजताना पोटभर पाणी प्यालेली असते. एरवी रात्री गाळण्याचा वेग थोडा मंदावतो, लघवी कमी बनते, म्हणून माणूस सलग झोपू शकतो. पण आज उशिरा पाणी मिळालेलं, दिवसाचा अडकलेला मालही काढायचा. तिला मध्येच उठावं लागतं. उद्याच्या कष्टाची झोप अशी मोडते.

हळद पॉलिश होऊन वसमतच्या बाजारात गेली की टोळी मोकळी होते. तेव्हा, मृगाच्या आधी, ज्यांनी असे बरेच हंगाम काढले आहेत त्यांनी एक तपासणी करून घ्यावी. पहाटेची पहिली लघवी स्वच्छ डबीत घेऊन आरोग्य केंद्रात न्यायची. ती सगळ्यात घट्ट असते, म्हणून तिच्यात प्रथिन उतरत असेल तर सहज कळतं. सोबत रक्तातलं क्रिएटिनिन आणि रक्तदाब. नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबायचं नाही. मूत्रपिंडाची निम्मी ताकद जाईपर्यंत तो आकडा बरा दिसू शकतो, त्यातून कमी स्नायूंच्या, वाळक्या अंगाच्या बाईत तर हमखास फसवतो. कागदावर वय आणि बाई-पुरुष धरून गाळण्याचा वेग काढून द्या, असं तिथं स्पष्ट म्हणायचं.